ईशान्येचा दगड

आमच्या अंगणाच्या ईशान्य कोपऱ्यात वर्षभर एक पांढरा दगड होता. वीत-दीड वीत उंच, वरच्या अंगाला निमुळता आणि सगळीकडून शेंदूर फासलेला. सासूबाई त्याला देव म्हणत. मी त्याला दगड म्हणत असे, अर्थात मनातल्या मनात. पुढे एक म्हातारी बाई आली आणि तिने सांगितलं की हा दगड तिच्या घराण्यातल्या एका बाईच्या उशाचा आहे. त्याआधीच आमच्या घरात एक प्रश्न येऊन बसला होता. हा दगड मुळात कुठून उचलला? ते सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते सांगायला तयार नव्हतं.

आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला राहतो. मी पुण्याची, नवरा नागपूरचा. तो सॉफ्टवेअरमध्ये आणि मी एका औषध कंपनीत डेटा तपासते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते आणि त्याचा पगार घेते. घरी तेच काम फुकट करते असं नवऱ्याचं म्हणणं. बरीच वर्षं अपार्टमेंटमध्ये काढल्यावर आम्ही घर बांधायचं ठरवलं, आणि माझ्या नवऱ्याच्या अंगात वास्तुशास्त्र आलं. नागपूरच्या स्वतःच्या घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे ज्याला आजही सांगता येणार नाही, तो माणूस इथे फोनवरचं होकायंत्र घेऊन दर शनिवारी रिकाम्या प्लॉटवरून फिरायला लागला. इथल्या घरं विकणाऱ्या बायकांना आता आपली सवय झाली आहे. आम्हाला भेटलेल्या बाईने तर आम्ही गाडीतून उतरायच्या आत 'ईस्ट फेसिंग' म्हणून हात दाखवला.

नव्या वसाहतीच्या अगदी टोकाचा प्लॉट होता तो. उत्तरेला पाइनचं जंगल, त्यापुढे काही नाही. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. का, ते सांगता येत नव्हतं, आणि कारण सांगता येत नाही अशा गोष्टींना आमच्या घरी मीच हसत आले असल्यामुळे मला गप्प बसावं लागलं.

सासरे त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. नागपूरचं घर बंद करून सासूबाई कायमच्या आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी कशाची तक्रार केली नाही. थंडीची नाही, एकटेपणाची नाही, माझ्या स्वयंपाकाची तर नाहीच, आणि ती न करणं किती कठीण आहे हे मला माहीत आहे. एकच गोष्ट मागितली. "मले माझे देव ठेवायला एक कोपरा दे बाप्पा," त्या मुलाला म्हणाल्या, "बाकी घराचं तुम्ही काय करायचं ते करा."

पायाचं काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही भूमिपूजन केलं. तोवर प्लॉटवरची झाडं कापून झाली होती, पण बुंधे तसेच होते आणि सगळीकडे पाइनच्या सुयांचा थर. घराचे कोपरे दाखवायला बिल्डरच्या माणसांनी गुलाबी फिती बांधलेल्या खुंट्या ठोकल्या होत्या. उदबत्त्या आणि कापराचा धूर पाहून कुणी फायर ब्रिगेडला फोन करेल अशी मला भीती, म्हणून मी रस्त्याच्या कडेला पहारा देत उभी राहिले. नवरा होकायंत्र घेऊन खुंट्यांच्या मधून फिरत होता. "आई, इथे मेन डोअर. इथे किचन, परफेक्ट आग्नेय," असं त्याचं चाललेलं मला लांबून ऐकू येत होतं. मग म्हणाला, "आणि आई, इथे तुझं देवघर. थांब, इथेच उभी राहा, मी नारळ घेऊन येतो."

तो गाडीपाशी आला, आम्ही डिकीतून नारळ आणि पाण्याची बाटली काढली, आणि परत गेलो तर सासूबाई एका बुंध्यावर बसल्या होत्या. पदर मातीने माखलेला. मांडीवर तो पांढरा दगड.

"थानदेव आहे, या जागेचा राखणदार," त्या म्हणाल्या. "उभा होता. असा सरळ उभा. दगड आपोआप उभा नाही राहत कधी. कोणीतरी मांडून ठेवला आहे."

"आई, अगं, इथे कोण मांडणार देव?" नवरा हसला.

"ते मला काय माहीत? पण उद्या ती मशीन येऊन फेकून देईल त्याला. मी नाही ठेवत इथे."

मला तेव्हा फक्त एवढंच दिसलं की धुतलेल्या गाडीच्या सीटवर आता माती सांडणार. तो नक्की कुठे सापडला, हे आम्हा दोघांपैकी कुणीही विचारलं नाही. आपल्या प्लॉटवर सापडला, म्हणजे आपला.

घर बांधून होईपर्यंत दगड अपार्टमेंटच्या बाल्कनीत तुळशीच्या कुंडीशेजारी राहिला. बांधकामात एकच अडचण आली. ईशान्येच्या बाजूला जमीन उतरती होती, तिथे बिल्डरने ट्रक भरभरून माती आणून भराव टाकला आणि त्यावर काँक्रीटचा ओटा ओतला. ईशान्य सखल असायला हवी म्हणून नवऱ्याने व्हॉट्सॲपवर कुणा गुरुजींचा सल्ला घेतला. गुरुजींनी सांगितलं, मूळ जमीन सखल आहे ना, मग काही हरकत नाही, मुळात काय आहे ते महत्त्वाचं. हे वाक्य मला नंतर फार वेळा आठवलं.

राहायला गेल्यावर घरातल्या ईशान्य कोपऱ्यात सासूबाईंचं देवघर लागलं आणि अंगणाच्या ईशान्य कोपऱ्यात, जंगलाच्या कडेला, तो दगड बसला. त्यांनी भारतातून आणलेला शेंदूर तेलात कालवून त्याला लावला. घराच्या उत्तरेच्या पट्टीत हिरव्यागार, चकचकीत पानांची एक वेल जमिनीला धरून पसरलेली होती. हिवाळ्यातही मरायची नाही. वसंतात तिला निळसर फुलं आली. "आपल्या सदाफुलीची बहीण दिसते," असं म्हणून सासूबाई रोज सकाळी ती फुलं खुडून दगडाला वाहू लागल्या. नागपूरहून आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं. मी त्या दगडाविरुद्ध बोलायचं बंद केलं ते त्यामुळे.

पण ती उत्तरेची पट्टी काही ठीक नव्हती. गवत कापायला येणाऱ्या माणसाच्या मशीनचं चाक तिथे एकदा भसकन आत गेलं. माती टाकून खड्डा बुजवला, तो महिन्याभरात पुन्हा खचला. सप्टेंबरात किनाऱ्यावर वादळ आलं, त्याचा पाऊस आमच्याकडे दोन दिवस पडत राहिला. तो थांबल्यावर मी कॉफीचा कप घेऊन देवघराशेजारच्या खिडकीत उभी राहिले. पट्टीवर पाणी साचलं होतं, पण एकसलग तळं झालं नव्हतं. लांबट, निमुळती डबकी झाली होती, एकाशेजारी एक, मधे सारखं अंतर सोडून. सगळ्यांची टोकं एकाच दिशेला. काही माणसाएवढी लांब होती. दोन फारच लहान होती.

माझ्या डोक्यात जे आलं ते मी कुणाला सांगितलं नाही. कॉफी बेसिनमध्ये ओतली आणि नवऱ्याला म्हटलं, "साइडला पाणी तुंबतंय, फाउंडेशनमध्ये जाईल. ड्रेनचं काहीतरी कर."

आठवड्याभरात खणायचं छोटं मशीन घेऊन एक माणूस आला. मी त्या दिवशी घरून काम करत होते. मशीनची घरघर चालू होती तोवर मला तिचा त्रास झाला नाही. ती थांबली तेव्हा मी दचकले. खिडकीतून पाहिलं तर तो माणूस मशीनवरून उतरून चराच्या काठाशी उभा होता, आणि त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. तेवढ्यावरूनच मला कळलं.

इथली माती लाल. त्या लाल मातीत एक काळपट, लांब चौकोन उमटला होता, कडा सरळ. त्यात गंजलेले खिळे आणि शर्टाचं असावं तसं एक पांढरं बटण. हाड म्हणावं असं जवळजवळ काही नव्हतं. इथली माती हाडं खाऊन टाकते, हे मला नंतर समजलं. सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

पोलिसांची गाडी आली, पिवळी पट्टी लागली. शेजारी आपापल्या ड्राइव्हवेत उभे राहून हात हलवू लागले, जसं काही आमच्याकडे बारसं आहे. हे माणूस आजच्या गुन्ह्यातलं नाही, फार जुनं आहे, असं ठरल्यावर सरकारी पुरातत्त्व खात्यातली एक बाई आली. उंच, उन्हाने रापलेली, कमी बोलणारी. गवत कापायच्या मशीनसारखं एक यंत्र ती जमिनीवरून ढकलत फिरली आणि जमिनीखाली जिथे जिथे काही दिसलं तिथे लहान झेंडे रोवत गेली. संध्याकाळी आमची उत्तरेची पट्टी झेंड्यांनी भरली होती. रांगा जंगलाकडून घराकडे येत होत्या आणि भिंतीशी थांबत होत्या. थांबत होत्या म्हणजे यंत्र पुढे जात नव्हतं.

तिने सांगितलं की इथे पूर्वी मोठा मळा होता आणि ही त्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेली माणसं असावीत. त्यांच्या थडग्यांवर अक्षरं नसतात, त्यांना लिहायला शिकू दिलं जात नव्हतं. शिकत असताना तिने इटलीत एका बस डेपोच्या बांधकामात निघालेली रोमन थडगी उकरली होती. रोमन लोक गावाबाहेर रस्त्याच्या कडेला पुरायचे, म्हणाली, आणि दगडावर जाणाऱ्या-येणाऱ्याला उद्देशून मजकूर कोरायचे, की बाबा रे, जरा थांब आणि माझं नाव वाच. "तिथे खणताना कुणी ना कुणी भेटणार हे सगळ्यांना माहीत असतं. इथे लोकांना वाटतं, जमीन आपण विकत घेतली त्या दिवशी सुरू झाली."

मग ती म्हणाली की ही सगळी थडगी पूर्व-पश्चिम आहेत. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. शेवटच्या दिवशी मेलेले उठतील तेव्हा उगवतीकडे तोंड असावं म्हणून.

"ईस्ट फेसिंग," मी मराठीत नवऱ्याला म्हटलं. तसं म्हणायला नको होतं, पण माझी जीभ अशीच आहे. त्याचा चेहरा उतरला.

"अशा जागी नुसते दगड उभे केलेले असतात," ती बाई म्हणाली. "घर बांधायच्या आधी तुम्हाला असा एखादा उभा दगड दिसला होता का?"

"नो," नवरा म्हणाला. ताबडतोब, जसं कस्टम्सच्या माणसाला लोणच्याबद्दल सांगतात.

माझं टाळकं सटकलं. "येस," मी म्हटलं. "एक आहे. तिकडे कोपऱ्यात."

"अगं, काय करतेस?" तो मराठीत फिस्कारला. "जरा लो प्रोफाइल ठेव ना यार! उद्या टीव्हीवाले येतील. रीसेल विसर मग."

"कबरीवर बसून रीसेलचा विचार कर तू."

"मी आईसाठी बोलतोय! तिचा देव आहे तो. तो काढून नेला तर तिचं काय होईल?"

हे खरं होतं, आणि ते ऐकून माझा राग एकदम निघून गेला. आम्ही दोघांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या झेंड्यांकडे बघत होत्या.

पुरातत्त्वाची बाई दगडासमोर बराच वेळ उभी राहिली. शेंदूर, निळी फुलं, विझलेली उदबत्ती. तिने विचारलं, ही फुलं कुठली? मी वेल दाखवली. ती म्हणाली, ही वेल इकडे लोक मुद्दाम थडग्यांवर लावायचे, बारा महिने हिरवी राहते म्हणून. जंगलात ही वेल दिसली की आम्ही तिथे माणसं शोधतो. आणि हा दगड नक्की कुठून उचलला ते समजलं तर फार बरं होईल, कारण खूण असलेलं थडगं एवढं एकच आहे.

मी सासूबाईंना विचारलं.

"आठवत नाही," त्या म्हणाल्या.

माझ्या सासूबाईंना कुणाच्या मुंजीत कुणी कुठल्या रंगाचं लुगडं नेसलं होतं आणि जिलबी कुणाला कमी पडली होती हे आठवतं. त्यांना एवढं आठवत नाही हे मला पटणं शक्य नव्हतं. पण त्या आत गेल्या, देवघरासमोर बसल्या, आणि त्या रात्री जेवल्या नाहीत.

नंतरचे दिवस वाईट गेले. सासूबाईंनी दगडाला फुलं वाहणं बंद केलं. गुणगुणणं तर बंदच. नवऱ्याने शांतीसाठी गुरुजींना व्हिडिओ कॉलवर घ्यायचं ठरवलं, तर "काही नको," एवढंच म्हणाल्या. देवपूजा मात्र करत राहिल्या, पण पूर्वी त्या पाटावर मांडी घालून बसत, आता उभ्यानेच करू लागल्या. "आई, गुडघे दुखतात का?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली, ती हो की नाही ते समजलं नाही. मीही रोज त्या खिडकीशी जाऊन थांबू लागले होते. झेंड्यांची रांग भिंतीशी येऊन थांबलेली दिसायची, आणि भिंतीच्या या बाजूला मी. मला भीती वाटत होती. भुताखेतांची नाही. मला काहीतरी समजत आलं होतं आणि ते पूर्ण समजायला नको होतं.

मग ती म्हातारी बाई आली. स्थानिक बातम्यांत तिने ऐकलं होतं. ऐंशी ओलांडलेली, काठी टेकत चालणारी कृष्णवर्णीय बाई, चर्चला जाताना घालतात तशी जांभळी टोपी घातलेली. पुरातत्त्वाच्या बाईनेच तिला गाडीतून आणलं होतं. तिने आधी आमची माफी मागितली, न सांगता आल्याबद्दल. मला कुठे पाहावं ते कळेना.

ती लहान असताना आजीचा हात धरून या जंगलात यायची, म्हणाली. दर वसंतात तिच्या घरचे लोक इथे झाडलोट करायला येत. मग जमीन विकली गेली, कुंपण पडलं, आणि नव्या मालकाने त्यांना यायची मनाई केली. बाकीचे दगड साधे, करड्या रंगाचे होते, पाडले गेले असतील, हरवले असतील. पांढरा एकच होता. तो तिच्या आजीच्या आजीचा. आजी त्या बाईचं नाव मोठ्याने घ्यायची आणि नातीकडून म्हणवून घ्यायची, म्हणजे विसरायला नको. ते नाव तिने आम्हालाही सांगितलं. ते तिच्या घरचं आहे, मी इथे लिहीत नाही.

आम्ही तिला दगडापाशी नेलं. शेंदूर पाहून ती थबकली. "एवढासाच होता का हा?" स्वतःशीच म्हणाली. मग काठी माझ्या हातात देऊन वाकली आणि दगडाच्या मागच्या अंगाने अंगठा फिरवू लागली. तिथे एक खाच होती, मला वर्षभरात न दिसलेली. तिचा अंगठा त्या खाचेत बसला. ती तशीच वाकलेली राहिली. उठली तेव्हा तिचा अंगठा केशरी झाला होता.

"हा रंग कशाला?"

मी सांगितलं. एखादा दगड जागेची राखण करतो असं वाटलं, तर आमच्याकडे त्याला हा रंग लावतात. हा आमचं घर सांभाळतो, अशी माझ्या सासूबाईंची श्रद्धा आहे.

ती हसली नाही, रागावलीही नाही. "दुसऱ्यांची घरं सांभाळण्यातच तिचा जन्म गेला," ती म्हणाली. "मेल्यावरसुद्धा तेच करायला लावता?"

सासूबाईंनी माझा दंड धरला. "काय म्हणाली ती? मले सांग."

"आई, जाऊ द्या."

"सांग म्हणते ना!"

मी सांगितलं. जसंच्या तसं. नवरा "अगं" म्हणून पुढे झाला, पण मी थांबले नाही. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं. मग म्हाताऱ्या बाईला म्हणाल्या, चक्क मराठीत, "चला. दाखवते."

आम्हाला वाटलं त्या झेंड्यांकडे जातील. पुरातत्त्वाची बाई एक रिकामा झेंडा हातात घेऊन तयारच होती. सासूबाई झेंड्यांच्या रांगेशेजारून चालत गेल्या, भिंतीशी पोचल्या आणि थांबल्या नाहीत. कोपरा वळून घराच्या पुढच्या बाजूला आल्या, पायऱ्या चढल्या, दाराशी चपला काढल्या आणि आत गेल्या. ती म्हातारी बाई त्यांच्या मागे होती. तिने त्या चपलांकडे पाहिलं आणि भिंतीचा आधार घेऊन, मोठ्या कष्टाने, आपलेही बूट काढले.

सासूबाई देवघरासमोर उभ्या होत्या. समई जळत होती.

"हा म्हणाला, इथे तुझं देवघर, इथेच उभी राहा," त्या मुलाकडे न पाहता म्हणाल्या. "मी खाली पाहिलं, तर पायाशी हा उभा. मला वाटलं, माझे देव माझ्या आधी येऊन थांबले." त्यांनी फरशीकडे बोट केलं. "इथून काढला मी. माझ्या हाताने. मशीन फेकेल म्हणून काढला हो. त्या दिवशी झेंडे पाहिले तेव्हाच समजलं मला. कोणत्या तोंडाने सांगू, की तिच्या छातीवर मी रोज मांडी घालून बसले?"

मी भाषांतर करायला लागले आणि मला रडू फुटलं. उरलेलं नवऱ्याने सांगितलं. त्याचा इंग्रजी उच्चार एवढा वाईट मी कधी ऐकला नव्हता.

म्हातारी बाई फरशीकडे पाहत होती. आम्ही हौसेने निवडलेल्या, संगमरवराचा भास देणाऱ्या त्या फरशीकडे. पुरातत्त्वाची बाई हलक्या आवाजात म्हणाली की वर भराव आणि काँक्रीट आहे, खालचं बहुधा हललेलं नसेल. आणि थडग्यांमधलं अंतर पाहिलं तर रांग इथेही संपत नसावी. ती नजरेने आमच्या डायनिंग टेबलापर्यंत गेली, मग जिन्यापर्यंत. मग तिने बघणं थांबवलं.

सासूबाई पुढे झाल्या. देवघराला कुणाचा हात लागू न देणाऱ्या माझ्या सासूबाईंनी बाळकृष्ण उचलून माझ्या ओंजळीत दिला. मग अन्नपूर्णा, मग शंख, मग सासऱ्यांच्या आईपासून चालत आलेला टाक. पदराने पाट पुसला, तो उचलला आणि भिंतीला टेकवून ठेवला. कोपरा मोकळा झाला. मग बाहेर जाऊन दगड आणला, मोरीत बसून खोबरेल तेलाने आणि गरम पाण्याने धुतला. शेंदूर सगळा निघाला, फक्त त्या खाचेत राहिला. तो निघेना, तेव्हा त्या म्हाताऱ्या बाईनेच हात धरून त्यांना थांबवलं.

दगड कुठे ठेवायचा हे तिने ठरवायचं होतं. चर्चच्या दफनभूमीत जागा आहे, पुरातत्त्वाची बाई म्हणाली. बाहेर पट्टीत कुंपण घालून ठेवता येईल, नवरा म्हणाला. त्या बाईने दोघांचं ऐकून घेतलं आणि दगड त्या मोकळ्या कोपऱ्यात ठेवायला सांगितला, जसा होता तसा, खाच पश्चिमेला करून.

"घरं टिकत नाहीत," ती आम्हाला म्हणाली, अगदी साधेपणाने. "हे पडेल तेव्हा ती इथेच असेल. तेव्हा ती कुठे आहे हे कुणाला तरी माहीत असलं म्हणजे झालं."

ती आता महिन्यातून एका रविवारी चर्चनंतर येते. सासूबाई तिला खुर्ची देतात, चहा देतात. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. ती ते नाव मोठ्याने घेते आणि सासूबाईंकडून म्हणवून घेते. सासूबाईंना ते नीट येतं आता. देव माझ्या ऑफिसच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटावर आहेत, दिशा कुठली ते कुणी पाहिलं नाही. नवऱ्याने फोनवरचं होकायंत्र काढून टाकलं आहे. घर विकायचं का, हे आम्ही एकमेकांना विचारत नाही, कारण विकताना काय सांगावं लागेल ते दोघांनाही माहीत आहे.

आपल्याकडे कुणाला चुकून पाय लागला की आपण वाकून हात लावतो आणि तो कपाळाला नेतो. सासूबाई हल्ली घरात चालताना मधेच थांबतात. जिन्यापाशी, टेबलाजवळ, कधी हातात ताटं असतानासुद्धा. ताटं खाली ठेवतात, वाकतात, जमिनीला हात लावून कपाळाला लावतात आणि पुढे जातात. मला ते पाहवत नसे. मी एकदा म्हटलंसुद्धा, "आई, इथे कुणी नाही हो." त्या म्हणाल्या, "तुला माहीत आहे?"

परवा सकाळी मी मीटिंगसाठी घाईघाईत जिना उतरत होते. शेवटच्या पायरीवरून खाली पाऊल ठेवलं आणि माझा हात आपोआप जमिनीकडे गेला.

फरशी गार होती.

तिथून पुढे कुठे पाऊल टाकावं हे मला कळेना, म्हणून तशीच उभी राहिले.